आधी पडदा, मग पेटी

दाखला कार्यालयाच्या प्रतीक्षा दालनातला क्रमांकदर्शक फलक मंगळवारी सकाळी काळा पडला आणि पहिली चाळीस मिनिटे ती गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही. दालनात दीडशे माणसे होती. प्रत्येकजण हातात टोकन घेऊन फलकाकडेच टक लावून बसला होता. फलक काळा आहे, त्याअर्थी आपला नंबर अजून आलेला नाही, असा अर्थ ज्याने त्याने आपल्यापुरता काढला होता. आणि तो अर्थ कोणालाही खोटा ठरवता आला नसता.

घाम फुटला तो एकाच माणसाला. त्याला कार्यालयात सगळे ‘हंगामी’ म्हणत. तो अकरा वर्षे हंगामी लिपिक होता. दर अकरा महिन्यांनी त्याला एका दिवसासाठी नोकरीतून कमी करण्यात येई आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेण्यात येई, म्हणजे सलग नोकरी दिल्याचा ठपका कार्यालयावर येत नसे. तो एक दिवस त्याच्या बायकोने माळा साफ करण्यासाठी राखून ठेवला होता. माळा आतापर्यंत बारा वेळा साफ झाला होता. मुलीने यंदा शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘तात्पुरते’ असे लिहिले होते, आणि बाईंनी ते बरोबर धरले होते.

फलक हंगामीनेच बनवलेला होता. बाजारात तळहाताएवढा एक संगणक मिळतो. एक हिरवी पाटी, तिच्यावर चार काळ्या टिकल्या, कडेला भोके. झाकण नाही, बटण नाही. शौकीन माणसे तो घेतात आणि त्याला काहीतरी काम लावून देतात. हंगामीने घरी एक पाण्याच्या टाकीला जोडला होता. टाकी भरली की टीव्हीच्या कोपऱ्यात सूचना येई. बायको म्हणे, “टाकी भरली की वाहते, आणि वाहिली की ऐकू येतं. पण असू द्या. बाहेर पत्ते कुटत बसण्यापेक्षा बरं.”

मोठ्या साहेबांना या छंदाचा वास लागला. टोकनच्या फलकाची मागणी सात वर्षे वर पडून होती. हंगामीने तसलाच दुसरा संगणक आणून साबणाच्या डबीत बसवला, केबल ओवायला डबीला भोक पाडले आणि बंद पडलेल्या सभागृहातला टीव्हीसारखा पडदा भिंतीवर लावून त्याला जोडला. जडसंग्रह वहीत साबणाच्या डबीची नोंद ‘पेटी, प्लास्टिक, झाकणासह, नग एक’ अशी झाली. पेटी टेबलावर होती म्हणून ती माहिती शाखेकडे गेली. पडदा चार स्क्रूंनी भिंतीला लागलेला होता म्हणून तो बांधकाम शाखेकडे गेला. दोघांमधली केबल कोणाची, हा प्रश्न विचाराधीन होता. आणि साहेबांनी लेखी दिले होते, की फलक साठ कामकाजाचे दिवस विनातक्रार चालल्यास निर्मात्यास सेवेत कायम करण्याबाबत सहानुभूतीने विचार करण्यात येईल.

काळा पडला तो दिवस एक्केचाळिसावा होता.

हंगामी टेबलापाशी गेला. डबीतला लाल दिवा लागलेला होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे जीव होता. त्याने झाकणाला हात लावला तोच माहिती शाखेच्या मॅडम म्हणाल्या, “अंहं. निर्माता वेगळा, ताबेदार वेगळा. दुरुस्ती करायची तर तक्रार क्रमांक दाखवा.”

हंगामीने हात मागे घेतला. हात लावायला तक्रार हवी होती, आणि तक्रार आली की साठ दिवस तिथेच संपत होते. फलक बंद आहे यापेक्षा तो बंद असल्याचे कोणाला तरी कळेल, ही भीती मोठी होती. तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि फलक पाहण्याऐवजी फलक पाहणाऱ्यांकडे पाहू लागला.

अकराच्या सुमारास तिसऱ्या बाकावरचे निवृत्त मास्तर उठले. मास्तरांना रहिवासाचा दाखला हवा होता. ज्या घरात ते चाळीस वर्षे राहत होते त्या घरात ते राहतात, हे त्यांना सिद्ध करायचे होते. ते काठी टेकत तक्रार खिडकीकडे निघाले. तो फायली लावण्याच्या निमित्ताने खिडकीमागे जाऊन उभा राहिला.

“बाई, तो फलक बंद आहे.”

“बंद आहे की चालू आहे, ते आम्ही ठरवू,” तक्रार लेखनिक बाई वही ओढत म्हणाल्या. “प्रश्न विचारते तेवढ्यांचीच उत्तरं द्या. फलकावर काय दिसतं?”

“काही नाही.”

“कुठला संदेश? चुकीचा आकडा?”

“काही नाही हो.”

“रंग, रेघा, ठिपके?”

“अहो, काही नाही म्हणतो ना!”

बाईंनी रकाना भरला आणि मोठ्याने वाचून दाखवला. “फलकातील दोष: काही नाही. नागरिकाचे म्हणणे: काही नाही. सबब तक्रार निकाली. करा सही.”

मास्तरांनी मजकूर दोनदा वाचला. त्यात एकही शब्द त्यांनी न उच्चारलेला नव्हता. त्यांनी सही केली. हंगामीने सुटकेचा श्वास टाकला. एक्केचाळिसावा दिवस निभावला.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर त्याने टाकीवरचा संगणक काढून टीव्हीला जोडला. लख्ख चित्र आले. काढला, पुन्हा जोडला. पुन्हा आले.

“काय चाललंय?” बायकोने विचारले. “माझी मालिका घालवलीत.”

“अगं, ह्याच जातीचा ऑफिसातला तोंड उघडत नाही. इथे बघ कसा बोलतोय.”

“घरी बोलायचं आणि ऑफिसात गप्प बसायचं,” बायको म्हणाली, “तुमच्यावरच गेलाय.”

हंगामी हसला नाही. तो टीव्हीकडे पाहत राहिला. “आपला टीव्ही कधीपासून चालू आहे?”

“आपला टीव्ही बंद कधी असतो?”

तिथे उजेड पडला. तो दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिला.

“दोष सांगू नकोस,” साहेबांनी आधीच बजावले. “दोष म्हटला की नोंद आली. सुधारणा सांग.”

“साहेब, सोमवारपर्यंत पडदा आणि पेटी दिवसरात्र चालू असायचे. सोमवारी ऊर्जा बचत वर्षाचा आदेश आला, आता दोन्ही संध्याकाळी बंद होतात. सकाळी मॅडम दहा वाजता पेटी सुरू करतात. बांधकामचे वायरमन काका दहा वाजून पाच मिनिटांनी पडदा. पेटी जागी होताना एकदाच बघते, समोर पडदा आहे का. पडदा बंद असला तर तिची समजूत होते, बघणारं कोणी नाही. मग ती चित्रच पाठवत नाही. पाच मिनिटांनी पडदा उठतो. तो बघतो, काही येतंय का. काही येत नाही. तो परत झोपतो.”

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे दोघेही कामावर हजर आहेत?”

“हो.”

“आणि दोघेही एकमेकांची वाट बघतायत?”

“हो, साहेब.”

“मग बिघडलं काय? हे तर रीतसर चाललंय.”

“फक्त क्रम उलटा करायचा, साहेब. आधी पडदा, मग पेटी. आठ सेकंदांचा प्रश्न आहे.”

दुसरा एक उपाय होता आणि तो हंगामीने प्रामाणिकपणे सांगितला. पेटीच्या मेमरी कार्डात एक ओळ लिहायची, की पडदा असो वा नसो, तू चित्र पाठवत राहा. पण कार्डात नागरिकांचे टोकन क्रमांक साठतात असे कळल्यावर सुरक्षा विभागाने कार्डावर लाख ओतून शिक्का मारला होता. आता ते कार्ड इतके सुरक्षित होते की चाकू घेऊनही निघाले नसते.

राहिला क्रम. साहेबांनी बैठक बोलावली.

क्रमामागे एक परिपत्रक होते. पंधरा वर्षांपूर्वी अभियंता पाण्याच्या टाकीत उतरून पाहणी करत असताना वायरमन काकांनी बाहेरून पंप सुरू केला होता. अभियंता पोहणारा निघाला, पण परिपत्रक निघायचे ते निघालेच: ‘वरिष्ठाने आपले यंत्र सुरू केल्याखेरीज कनिष्ठाने आपले यंत्र सुरू करू नये.’

“मी वर्ग दोन,” मॅडम म्हणाल्या. “काका वर्ग चार. काकांनी आधी बटण दाबायचं आणि मग मी? उद्या म्हणाल, काकांनी आधी जेवायचं.”

“जेवतोच की मी आधी,” काका म्हणाले. “डबा साडेबाराला उघडतो.”

“मॅडमनी फक्त दहा वाजून सहा मिनिटांनी…” हंगामीने तोंड उघडले.

“म्हणजे मी उशिरा येऊ? हजेरीवर लाल शेरा तुम्ही घेणार का? तुमची तर हजेरी पण पेन्सिलीत असते.”

ते खरे होते. शेवटी आस्थापना लिपिकाने तोड काढली. पडदा जागा व्हायला आठ सेकंद लागतात. तेव्हा रोज सकाळी आठ सेकंदांपुरता काकांकडे वर्ग दोनचा अतिरिक्त कार्यभार द्यावा. त्या आठ सेकंदांत काका वरिष्ठ राहतील, बटण दाबतील आणि पुन्हा मूळ पदावर येतील. परिपत्रकालाही धक्का लागणार नाही.

सगळ्यांना ही कल्पना पसंत पडली. काका मात्र विचारात पडले.

“वर्ग दोनचं काम करायचं, तर वर्ग दोनची खुर्ची लागेल. हात्याची. आठ सेकंद का होईना, उभ्याने नाही करायचो. आणि एकदा वर चढवलेल्या माणसाला रोज खाली उतरवायचं, याला पदावनती म्हणतात. त्याला चौकशी लागते. रोज चौकशी करणार का?”

“आणि त्या आठ सेकंदांत यांनी मला नोटीस काढली तर?” मॅडमनी विचारले.

“आठ सेकंदांत नोटीस टाइप होत नाही, मॅडम.”

“घरून टाइप करून आणली तर?”

काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसले. ही सोय त्यांच्या लक्षात आली नव्हती.

साहेबांनी अग्रक्रम समिती नेमली. समितीचा अध्यक्ष कोणी व्हायचे, हा अग्रक्रमाचाच प्रश्न असल्याने तो समितीकडेच सोपवण्यात आला, आणि अध्यक्ष नसल्यामुळे समितीची बैठक भरली नाही.

दरम्यान दाखल्यांच्या खिडकीवरच्या भाऊंचे काम एकदम सुधारले. भाऊंची पद्धत साधी होती. बटण दाबायचे, म्हणजे पुढचा क्रमांक फलकावर जातो. अर्धे मिनिट थांबायचे. कोणी आले तर दाखला द्यायचा, न आल्यास ‘अनुपस्थित’ अशी नोंद करून पुढचे बटण. पूर्वी माणसे येत, म्हणून वेळ लागे. आता क्रमांक काळ्या फलकावर जाई, कोणाला दिसत नसे, कोणी येत नसे. दोनशे टोकने पावणेबाराच्या आत संपू लागली. खिडकीला नाक लावून उभे राहणारे आणि बटणाचा आवाज मोजणारे पाच-सहाजण काय ते दाखले घेऊन जात. बाकीचे संध्याकाळपर्यंत फलकाकडे पाहत आणि उद्या लवकर येऊ असे म्हणत घरी जात.

शिपायाने नंबर तोंडाने पुकारावेत, अशी सूचना एकाने केली होती. पण तोंडी पुकारा करणे म्हणजे फलक नसल्याचे मान्य करणे. फलक तर होता. चार स्क्रूंनी होता.

महिनाअखेरचा तक्ता वर गेला: निपटारा शंभर टक्के, तक्रारी शून्य. वरून अभिनंदनाचे पत्र आले. शेजारच्या तीन कार्यालयांची पथके अभ्यासासाठी येऊन गेली. त्यांचे फलक चालू होते आणि त्यामुळे त्यांना फार त्रास होत होता. “तुम्ही हे साधलंत कसं?” असे त्यांनी हंगामीला वही उघडून विचारले. हंगामीने सांगितले, की क्रम महत्त्वाचा. त्यांनी ते लिहून घेतले.

पन्नास झाले, पंचावन्न झाले. हंगामी घरी ताटातला भात चिवडत बसे.

“पाचच दिवस राहिलेत,” बायको म्हणाली. “आणि तोंड असं का, मयताला जाऊन आल्यासारखं?”

“लोक बसून राहतात गं दिवसभर.”

“तुम्ही बसवलंय का त्यांना? पाच दिवस गप्प राहायला काय जातंय तुमचं? अकरा वर्षं गप्पच आहात.” मग तिचा आवाज खाली आला. “कायम झालात की त्या फॉर्मवरचं तेवढं खोडून आणू. एवढंच म्हणते मी.”

हंगामीने मान डोलावली. तो गप्प राहिलाही असता. पण अठ्ठावन्नाव्या दिवशी, दालन रिकामे होत असताना, पहिल्या बाकावरच्या आजींनी त्याला खुणेने बोलावले. आजी दोन आठवडे येत होत्या. आता घरून उशी आणत.

“बाळा, तू इथलाच ना? एक विचारू का? कोणाला सांगू नकोस.” त्यांनी आवाज बारीक केला. “माझी नजर गेली का रे? मला त्या पाटीवर काहीच दिसत नाही. बाकीचे बघ कसे एकटक वाचतायत. सून म्हणते, ऑपरेशन करून घ्या. घेऊ का?”

हंगामीने तोंड उघडले. ‘पाटी बंद आहे, आजी,’ एवढे चार शब्द बोलायचे होते. पण बोलले की ती माहिती झाली, आणि माहिती द्यायला माहिती शाखा होती.

“उद्या या, आजी,” तो म्हणाला. “उद्या दिसेल.”

एकोणसाठाव्या दिवशी दहाला मिनिटभर कमी असताना काका बाहेर पान खात उभे होते. हंगामी स्टुलावर चढला, पडद्याच्या पाठीमागे हात घातला आणि बटण दाबले. आठ सेकंद मोजले. उतरला. दहाच्या ठोक्याला मॅडम आल्या आणि त्यांनी संपूर्ण वरिष्ठतेनिशी पेटी सुरू केली. पेटीने समोर पाहिले. समोर पडदा होता.

फलक लागला.

दालनात कोणीतरी ‘अरे!’ म्हटले. दीडशे माणसे सावरून बसली. भाऊंनी खाली मान घालून बटण दाबले, आणि भिंतीवर वीतभर उंचीची अक्षरे उमटली: ‘क्रमांक १, खिडकीवर यावे.’ शेवटच्या बाकावरचा एक शिंपी धडपडत उठला. माणसांचे पाय ओलांडत, पिशव्या चुकवत तो खिडकीशी पोहोचला तेव्हा अर्धे मिनिट होऊन गेले होते. फलकावर आले: ‘क्रमांक १, अनुपस्थित.’

“अहो, मी आलोय!” शिंपी म्हणाला.

“अनुपस्थित,” भाऊ वर न बघता म्हणाले.

“मी हा तुमच्यासमोर उभा आहे! तुमच्याशी बोलतोय!”

“बोलणारे पुष्कळ असतात. फलक बघा.”

शिंप्याने फलक पाहिला. मग सगळ्यांनी नीट पाहिला. खालच्या पट्टीत बारीक अक्षरांत आजवरचा हिशोब सरकत होता: मागील अठरा दिवसांतील अनुपस्थित नागरिक, तीन हजार चारशे नव्वद. हंगामीने ही पट्टी मोठ्या हौसेने बसवली होती, हे तो विसरून गेला होता.

पहिले उठले ते मास्तर. “अठरा दिवस!” त्यांची काठी फरशीवर आपटली. “अठरा दिवस मी या बाकावर बसलो, आणि माझी गैरहजेरी? छत्तीस वर्षं मी हजेरी घेतलीय! माझी गैरहजेरी लावायची हिंमत कोणी केली?”

पुढे जे झाले त्याला अहवालात ‘नागरिकांची हालचाल’ असा शब्द आहे. तक्रार खिडकीवरच्या बाईंनी सवयीने विचारले, “फलकावर काय दिसतं?” आणि या वेळी प्रत्येकाकडे उत्तर होते. दुपारपर्यंत त्रेसष्ट तक्रारी नोंदल्या गेल्या. वहीची पाने संपली म्हणून बाकीच्यांना नवी वही आल्यावर यायला सांगण्यात आले.

साहेबांनी हंगामीला आत बोलावले. त्यांच्यापुढे तीन कागद होते.

“फलक लागला कसा?”

“साहेब, मीच…”

“थांब. मी तुला विचारलेलं नाही. मी कागदाला विचारतोय.” त्यांनी पहिला कागद उचलला. “अठरा दिवस शून्य तक्रारी. आज त्रेसष्ट. फरक काय? फलक दिसला. म्हणजे तक्रारी फलक बंद असल्याच्या नाहीत, फलक दिसल्याच्या आहेत. याला अनधिकृत दृश्यमानता म्हणतात. यात हंगामी माणसाला नोटीस लागत नाही. सरळ घरी.”

हंगामी उभाच होता.

“पण तुझी अकरा वर्षं आहेत,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “आणि मलाही वरून पत्र आलंय. अभिनंदनाचं. ते परत कसं करायचं? त्याला फॉर्म नाही.” त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. “उद्या साठावा दिवस. तक्रारदारांना बोलावलंय. ते काय म्हणतात, बघू. लोकांच्या मर्जीबाहेर आपण जात नाही.”

साठाव्या दिवशी सकाळी त्रेसष्ट तक्रारदार दालनात उभे होते. फलक काळा होता. काकांनी पडदा दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू केला होता. साहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांनी दोन पर्याय सांगितले. पहिला: तक्रार कायम ठेवावी. चौकशी होईल, निष्पक्ष होईल, आणि ती संपेपर्यंत संबंधितांचे दाखले पुरावा म्हणून सीलबंद राहतील. दुसरा: समोरच्या छापील कागदावर सही करावी. सही झाली की दाखला, आत्ता, या खिडकीवर.

“कागदावर आहे काय?” शिंप्याने विचारले.

साहेबांनी वाचून दाखवले. “‘काल फलकावर आम्ही काहीही पाहीले नाही.’ बस्स.”

हंगामी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या मनात एक वेडी आशा उभी राहिली, की कोणीतरी नाही म्हणेल. एकाने म्हटले तरी पुरे होते. मग त्यालाही म्हणता आले असते.

“दाखला आजच ना?” शिंप्याने विचारले.

“आजच.”

शिंप्याने पेन उचलले. त्याच्यामागे रांग लागली. त्या दालनात अठरा दिवसांत लागली नव्हती इतकी सरळ रांग, कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी मध्ये घुसले नाही.

आजींची पाळी आली. “काय लिहिलंय रे बाळा?”

“तुम्हाला पाटीवर काही दिसलं नाही, असं,” हंगामी म्हणाला.

“मग खरंच आहे की!” आजी म्हणाल्या. “काल मी डॉक्टरकडे गेले होते. आलेच नव्हते मी. माझ्या जागी सून बसली होती, तक्रार तिनेच माझ्या नावावर घातली.” आणि त्यांनी अंगठा उठवला. त्या कागदावर खरा होता तो तेवढा एक अंगठा.

शेवटी मास्तर राहिले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. त्यांच्या कपाळावर शीर उठली. हंगामी एक पाऊल पुढे सरकला.

“हे चालायचं नाही,” मास्तर म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला. “काय चालायचं नाही, मास्तर?”

“‘पाहीले’? ही दीर्घ? सरकारी कागदावर?” मास्तरांनी खिशातून लाल पेन काढले, ‘ही’ खोडून ऱ्हस्व ‘हि’ केली, समासात आद्याक्षर घातले आणि मग खाली ठसठशीत सही केली. “असं निर्दोष असावं माणसाचं लिहिणं.”

खाली साक्षीदाराची जागा होती. साहेबांनी ती बोटाने दाखवली. हंगामीने फोन काढून घरी लावला.

“अगं, एक सही मागतायत. खोटी आहे. करू का? का खरं लिहू?”

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. “खरंच लिहा की,” बायको म्हणाली. “लिहा आणि घरी या. माळा साफ करायचाच आहे. फॉर्मवर काय लिहायचं, ते तेवढं पोरीला तुम्हीच सांगा.”

हंगामीने सही केली. तिसरा कागद साहेबांनी तिथल्या तिथे त्याच्या हाती दिला. तो कायम झाला. मॅडमनी उठून हात जोडले, काकांनी पाठीवर थाप मारली, आणि भाऊंनी हजेरीपटावर त्याचे नाव पेन्सिलीवरून शाईने गिरवले. कायम झालेल्या माणसाचे पहिले काम म्हणून तो निवेदनाचा कागद फायलीला लावण्यासाठी त्याच्याकडेच देण्यात आला.

त्यात एक अडचण निघाली. छापील कागदावर ओळी चौसष्ट आहेत आणि सह्या त्रेसष्ट. कोरी ओळ सोडून कागद फायलीला लावता येत नाही. उद्या तिथे कोणी काहीही लिहील. दालन तर रिकामे झाले आहे. दाखले मिळाले, माणसे गेली.

तुम्ही तेवढे आहात. मंगळवारी फलक काळा पडला तेव्हापासून तुम्ही इथेच आहात. अठरा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर गेले, कालचा फलकही तुम्ही पट्टीसकट वाचलात, आणि मध्ये एकदाही उठून काही बोलला नाहीत. तुमच्यासारखी माणसे आहेत म्हणून हे कार्यालय चालते. या, असे पुढे या. पेन दोरीला बांधलेले आहे, जरा जपून ओढा. शेवटची ओळ. मजकूर वाचण्याची आवश्यकता नाही, तो मास्तरांनी तपासलेला आहे.